ताणली की परत जागेवर येणारी बॉर्डर: सुरुवातीचे टाके कसे घालावेत

कानटोपी विणून झाली, रंग छान, वीण एकसारखी, पण डोक्यात जाताना कपाळावर अडकते. पायमोजा टाचेवरून चढत नाही. बाळाचं स्वेटर घालताना बाळ रडून घर डोक्यावर घेतं. अशा वेळी नव्या विणकरणी (आणि हल्ली विणकरही) टाके मोजत बसतात, उसवतात, पुढच्या वेळी दहा टाके जास्त घालतात. मग बॉर्डर ढगळ होते आणि काठ तेवढाच घट्ट राहतो. बहुतेक वेळा दोष टाक्यांच्या संख्येत नसतो. सुईवर टाके ज्या पद्धतीने घातले, तिच्यात असतो.

हा लेख ज्यांना सुलट आणि उलट टाका येतो, एक-दोन मफलर विणून झालेत आणि आता बॉर्डर असलेलं काहीतरी हाती घ्यायचंय, त्यांच्यासाठी आहे. पुण्यातली थंडी दोन महिन्यांची, त्यामुळे दिवाळीनंतर लोकर आणली तर संक्रांतीपर्यंत स्वेटर अंगावर चढायला हवं. उसवाउसवीला वेळ नसतो.

१. काठ घट्ट का होतो, ते आधी बघा

एक सुलट-एक उलट किंवा दोन सुलट-दोन उलट विणलं की सुलट टाक्यांच्या उभ्या रेघा पुढे येतात आणि उलट टाके त्यांच्या मागे दडतात. म्हणून बॉर्डर आकसलेली दिसते. ओढली की मागे दडलेले टाके बाहेर येतात आणि तीच पट्टी बरीच रुंद होते. सोडली की पुन्हा मिटते.

आता सगळ्यात खालची कड बघा. तिथे शेजारशेजारच्या दोन टाक्यांना जोडणारा धाग्याचा एक छोटा तुकडा असतो. बॉर्डर कितीही ताणू द्या, खालचे टाके एकमेकांपासून त्या तुकड्याच्या लांबीपेक्षा जास्त दूर जाऊ शकत नाहीत. तो तुकडा आखूड असला की परकराची नाडी ओढून बांधल्यासारखं होतं: वर कापड भरपूर, खाली जागाच नाही.

म्हणजे आपल्याला हवाय तो टाक्यांच्या पायाशी जास्तीचा धागा. खाली दिलेल्या तिन्ही पद्धती (एक, दोन आणि तीन) वेगवेगळ्या मार्गाने हेच करतात.

इथेच एका लोकप्रिय सल्ल्याचा निकाल लावून टाकू. घरातली कुणीतरी काकू हमखास सांगते, “दोन सुया एकत्र धरून टाके घाल, सैल येतात.” टाके सैल येतात हे खरं, पण सुईवरचे फास तेवढे मोठे होतात. पायातला धागा होता तेवढाच राहतो. परिणामी पहिल्या ओळीत मोठमोठी भोकं दिसतात आणि काठ मात्र पूर्वीइतकाच आवळलेला. काकूंचा मान राखून सांगते, हा उपाय सोडून द्या.

२. काय काय लागेल

- लोकर. शिकायला फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची घ्या. काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर नको. टाके दिसतच नाहीत.
- बॉर्डरसाठी एक सुई-जोडी आणि अंगासाठी (बॉर्डरच्या वरच्या मुख्य विणीसाठी) तिच्याहून जाड दुसरी. मध्यम लोकरीला बॉर्डर १० नंबरवर (३.२५ मिमी) आणि अंग ८ नंबरवर (४ मिमी) हा नेहमीचा हिशोब.
- पद्धत तीन करणार असाल तर आणखी बारीक, १२ नंबरची (२.७५ मिमी) जोडी.
- टाकाऊ लोकर, वेगळ्या रंगाची आणि गुळगुळीत.
- लोकर ओवायची बोथट टोकाची सुई, कात्री, मोजपट्टी.

हे सगळं तुळशीबाग आणि रविवार पेठेच्या परिसरात फिरलात तर एका फेरीत मिळतं. शक्यतो सकाळी जा, गर्दीही कमी असते आणि लोकरीचा रंग उजेडात बघता येतो. दुकानात ट्यूबलाइटखाली मोतिया दिसणारी लोकर घरी पिवळी निघते. एकाच लॉटचे सगळे गुंडे एकदम घ्या.

सुयांच्या नंबरांत एक खड्डा आहे. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांत उलट, आकडा वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर ४ मिमीची, अमेरिकन ८ नंबर ५ मिमीची. व्हिडिओत बाई “आठ नंबर” म्हणाल्या म्हणून तुम्ही ड्रॉवरमधली ८ नंबर काढू नका. सुईवरचा किंवा पाकिटावरचा मिलिमीटरचा आकडा बघा, त्यात गडबड होत नाही.

३. वस्तू बघून पद्धत ठरवा

सगळीकडे जास्तीत जास्त ताणणारा काठ लागतो असं नाही. ही निवड आधी करा:

- कानटोपी, पायमोजे, बाळाचे मोजे: पद्धत दोन.
- स्वेटरचा खालचा घेर आणि बाह्यांची मनगटं, एक सुलट-एक उलट बॉर्डर: पद्धत तीन. वेळ नसेल तर दोन.
- दोन सुलट-दोन उलट बॉर्डर, कुठेही: पद्धत दोन.
- जाकिटाच्या बटणपट्ट्या, उशीचे अभ्रे, मफलर: पद्धत एक. इथे काठ ताणला गेला तर उलट पंचाईत.
- सुती धाग्याचं काहीही: पद्धत एक. सुताला स्वतःची लवचिकता फारशी नसते. एकदा पसरलेला काठ परत येत नाही, झालरीसारखा लोंबतो.

इंटरनेटवरचे बरेच नवे नमुने गळ्यापासून खाली विणायचे असतात. म्हणजे तुम्ही पहिले टाके घालता ते गळ्याचे. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी घेराचं असतं आणि ते त्या गळ्यातून जायचं असतं. तिथे पद्धत दोन किंवा तीनच.

४. पद्धत एक: नेहमीचे अंगठ्यावरचे टाके, पण अंतर ठेवून

लांब शेपूट (लोकरीचं मोकळं टोक) सोडून, ते डाव्या अंगठ्यावर घेऊन टाके घालायची रीत बहुतेक घरांत हीच शिकवतात. तीच ठेवा, फक्त एक बदल करा. टाका ओढून बसवताना आधीच्या टाक्याला चिकटवू नका. आधीच्या टाक्यावर उजव्या हाताची तर्जनी टेकवा, तिच्या शेजारी नवा टाका बसवा, मग तर्जनी उचलून नव्या टाक्यावर ठेवा. दोन टाक्यांमध्ये जी फट राहते, तोच पायातला जास्तीचा धागा.

सुई एकच, बॉर्डरचीच. फट साधारण सुईच्या जाडीएवढी पुरते.

५. शेपूट किती सोडायचं

शंभर टाके घालायचे, शहाण्णवाव्याला शेपूट संपतं. हे टाळायला: त्याच सुईवर लोकरीचे दहा वेढे द्या, उलगडून मोजा, ही दहा टाक्यांची लांबी. त्याला टाक्यांच्या हिशोबाने गुणा आणि वर एक वीतभर सोडा. पद्धत दोनला धागा जास्त खपतो, तेव्हा आलेल्या लांबीच्या निम्मं आणखी धरा.

टाके फार असतील, उदाहरणार्थ मोठ्यांच्या स्वेटरचा घेर, तर मोजामोज सोडा. गुंड्याचं आतलं टोक आणि बाहेरचं टोक एकत्र घेऊन एक सरगाठ मारा. एक टोक अंगठ्यावर, दुसरं तर्जनीवर. शेपूट संपण्याचा प्रश्नच नाही. ही सरगाठ टाका म्हणून मोजायची नाही. पहिली ओळ विणून झाली की सुईवरून उतरवून सोडून द्यायची आणि जास्तीचं टोक थोडं ठेवून कापायचं.

६. पद्धत दोन: पिळाचा टाका

याला जर्मन ट्विस्टेड किंवा ओल्ड नॉर्वेजियन म्हणतात. व्हिडिओ शोधायला ही नावं उपयोगी पडतील. मला विचाराल तर एकच पद्धत शिकायची असेल तर ही शिका. पायमोज्यांसाठी हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. नेहमीच्या अंगठ्याच्या टाक्याला इथे एक जास्तीचा पीळ मिळतो, आणि तो पीळ म्हणजेच पायात साठवलेला धागा.

लोकर उजव्या हातात धरून विणणाऱ्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, कारण इथे दोन्ही धागे डाव्या हातात असतात: शेपूट अंगठ्यावर, गुंड्याकडचा धागा तर्जनीवर, दोघांची खालची टोकं उरलेल्या बोटांत मुठीत. सुई उजव्या हातात. फक्त टाके घालेपर्यंत हे सहन करा, विणायला लागलात की नेहमीसारखी लोकर धरा.

अंगठ्याभोवती धाग्याचा वळसा आहे, म्हणजे त्याचे दोन पदर दिसतील: एक तुमच्या बाजूचा, एक पलीकडचा.

क) सुईचं टोक समोरून खाली न्या आणि दोन्ही पदरांच्या खालून पलीकडे काढा.

ख) टोक वर उचला, पलीकडच्या पदरावरून आणून वळशात वरून खाली उतरवा, आणि अलीकडच्या पदराखालून स्वतःकडे बाहेर काढा. आता वळशाला फुलीसारखा पीळ पडलेला दिसेल. फुली दिसत नसेल तर इथेच थांबा, सोडा, पुन्हा क पासून करा.

ग) टोक तर्जनीवरच्या धाग्यावरून पलीकडे न्या आणि तो धागा सुईवर ओढून घ्या.

घ) अंगठ्याचं टोक सुईच्या दिशेने वाकवा. फुली खाली सरकते आणि सुईजवळ एक मोकळी खिडकी उघडते. ओढून आणलेल्या धाग्यासकट सुईचं टोक त्या खिडकीतून बाहेर काढा.

ङ) अंगठा सोडवा आणि शेपूट हलकेच ओढून टाका बसवा.

चुकतं ते बहुधा घ मध्ये. अंगठा न वाकवता सुई तशीच फुलीच्या अलीकडून काढली की गाठ बसते, टाका सरकत नाही आणि काठ साध्या टाक्यापेक्षाही घट्ट होतो. पहिले वीसेक टाके हळू, प्रत्येक वेळी अंगठ्याकडे बघत घाला. हाताला वळण लागलं की गप्पा मारतही जमतं.

दुसरी गोष्ट ङ मधली. पीळ आहे म्हणून ओढून घट्ट बसवायचा मोह होतो, कारण नीटनेटका दिसतो. पण ओढलात की साठवलेला धागा परत शेपटीत जातो आणि सगळी मेहनत वाया. सुईवर टाका सहज मागेपुढे सरकला पाहिजे.

काठाची छान दिसणारी गोफासारखी बाजू टाके घालताना तुमच्याकडे असते. सुई फिरवून पहिली ओळ विणाल तेव्हा मागची बाजू समोर येते. म्हणून सपाट विणत असाल तर पहिली ओळ ही उलट्या बाजूची धरा आणि बॉर्डरची मांडणी त्याप्रमाणे करा. नाहीतर गोफ आतल्या बाजूला जातो.

७. पद्धत तीन: गोल काठ, टाकाऊ लोकरीवर

तयार स्वेटरचा काठ जवळून बघा. तिथे कडच दिसत नाही. सुलट टाक्यांच्या रेघा खालून वळून मागे उलट टाक्यांत जातात. याला ट्युब्युलर म्हणतात. बोटांवर धागे धरून एकदम घालायची इटालियन रीतही आहे, पण नवख्यांना मी ती सुचवत नाही. सुरुवातीचे टाके सुईवर गोल फिरतात, आणि फिरलेले टाके सरळ करण्यात जीव जातो. टाकाऊ लोकरीची रीत लांबची आहे, पण तिच्यात सुलट-उलटपलीकडे काहीच नवं नाही.

टाके अर्धे घालायचे असतात. हिशोब असा: टाकाऊ लोकरीचे जेवढे टाके, त्याची दुप्पट वजा एक. ४१ घातलेत तर ८१ होतील.

टाकाऊ लोकरीने १२ नंबरच्या सुईवर ४१ टाके घाला, कसेही चालतील. एक ओळ उलट, एक सुलट, एक उलट विणा. टाकाऊ लोकर तोडा. आता खरी लोकर:

पहिली ओळ (सुलटी बाजू): एक टाका सुलट विणा, लोकर पुढे आणून सुईवरून मागे नेत एक वेढा घ्या. असं करत जा, शेवटी एक सुलट. आता ८१ टाके.

दुसरी ओळ: लोकर पुढे घेऊन एक टाका न विणता उजव्या सुईवर सरकवा, लोकर मागे न्या, पुढचा वेढा सुलट विणा. शेवटी एक टाका लोकर पुढे ठेवून सरकवा.

तिसरी ओळ: एक सुलट विणा, लोकर पुढे घेऊन एक सरकवा, लोकर मागे न्या. शेवटी एक सुलट.

चौथी दुसरीसारखी, पाचवी तिसरीसारखी.

सरकवताना सुई नेहमी उलट टाका विणायला घालतो तशी घाला, म्हणजे टाका वळत नाही. गोंधळ झाला तर एकच नियम लक्षात ठेवा: समोर सुलट दिसतो तो विणायचा, उलट दिसतो तो सरकवायचा. आणि लोकर मागे न्यायला विसरलात तर सुईवर एक फुकटचा वेढा येतो. ओळ संपली की टाके ८१ आहेत ना, ते मोजा.

या पाच ओळींत खरं तर तुम्ही एकमेकांना पाठ लावलेले दोन पातळ थर विणत असता. थर दोन असल्यामुळे कापड पसरतं, म्हणून सुई बारीक. इथे १० नंबर वापरली तर काठ खाली झालरीसारखा फुलतो आणि धुऊनही बसत नाही.

सहाव्या ओळीला १० नंबरच्या सुया घ्या आणि नेहमीची बॉर्डर सुरू करा. ही उलट्या बाजूची ओळ आहे, तेव्हा एक उलट, एक सुलट, शेवटी एक उलट. सातवी एक सुलट, एक उलट, शेवटी एक सुलट.

इंचभर बॉर्डर झाली की टाकाऊ लोकर काढा. तिच्या शेवटच्या ओळीतला एक टाका कात्रीने कापा आणि बोथट सुईने धागा थोडा थोडा ओढत जा. खरी लोकर उसवणार नाही. तिचे सगळे टाके आधीच वर धरले गेलेत. घाईत कात्री दुसऱ्या रंगात जाऊ देऊ नका एवढंच. हे काम दिवसाउजेडी, खिडकीशी बसून करा.

दोन सुलट-दोन उलट बॉर्डरला ही पद्धत वापरता येते, पण त्यासाठी टाक्यांच्या जागा बदलाव्या लागतात. पहिल्या वेळी त्या वाटेला जाऊ नका.

८. खऱ्या कामाआधी तीस टाक्यांचा तुकडा

निवडलेल्या पद्धतीने तीसेक टाके घाला, दोन इंच बॉर्डर विणा. मग तुकडा दोन ठिकाणी ताणा: आधी बॉर्डरच्या मध्यावर, मग अगदी कडेला. दोन्हीकडे रुंदी सारखी यायला हवी.

- कड कमी ताणली जाते: टाके जवळ बसलेत. अंतर वाढवा किंवा पद्धत दोनवर या.
- कड सारखी ताणली जाते पण सोडल्यावर पसरलेली राहते: पायात धागा जास्त झालाय. टाके थोडे जवळ बसवा.
- कड ठीक, पण कड आणि पहिली ओळ यांत भोकं: फास मोठे आहेत. दोन सुया धरल्या होत्या का?

लोकर मेंढीची असेल तर तुकडा कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवून मगच निकाल द्या. बरेचसे वेडेवाकडे टाके पाण्याने सरळ होतात. ॲक्रेलिकला मात्र इस्त्री लावू नका. उष्णतेने त्याचा जीव जातो आणि बॉर्डर कायमची सपाट होते.

टाक्यांची संख्या या तुकड्यावरून ठरवायची नाही, अंगाच्या विणीवरून ठरवायची. समजा १० सेंमीत २२ टाके येतात आणि डोकं ५६ सेंमीचं आहे. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच हवी, म्हणजे ४८ सेंमी धरा. हिशोबाने साधारण १०५ टाके होतात. गोल विणताना दोन-दोनच्या बॉर्डरला ४ ने भाग जायला हवा, म्हणून १०४ घाला. पायमोज्याला घोट्याचा घेर मोजून थांबू नका. टाचेच्या टोकावरून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत तिरका घेर मोजा. काठ तिथून जायचा असतो, घोट्यावर तो फक्त बसतो.

९. गोल विणताना आणि टोकं संपवताना

चार सुयांवर किंवा गोल सुईवर जोडण्याआधी टाके टेबलावर पसरून काठ सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते बघा. एक पीळ राहिला तर तो नंतर निघत नाही, सगळं उसवावं लागतं. पीळ पडण्याची भीती वाटत असेल तर पहिल्या दोन ओळी सपाट विणा आणि मग जोडा. विणलेली पट्टी सरळ आहे की नाही ते लगेच दिसतं.

पद्धत तीन गोल कामाला वापरताना पाचही ओळी सपाट विणा. सहावी, म्हणजे उलट्या बाजूची ओळ न विणता लोकर तोडा आणि टाके सुलट्या बाजूच्या सुरुवातीला सरकवा. नव्या टोकाने तिथूनच गोल विणायला लागा. ८१ टाक्यांत पहिला आणि शेवटचा दोन्ही सुलट असल्यामुळे जोडावर दोन सुलट शेजारी येतात. फेरीच्या शेवटी शेवटचा टाका पुढच्या फेरीच्या पहिल्याबरोबर एकत्र विणा, ८० उरतील आणि एक-एक बॉर्डर विनाअडथळा फिरेल.

जोडाखाली राहिलेली फट शेपटीने शिवायची, म्हणून सुरुवातीचं शेपूट वीतभर ठेवा, टोचतंय म्हणून आधीच कापू नका. ते बोथट सुईत ओवा, काठाच्या पलीकडच्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून न्या आणि निघालं तिथेच परत आणा, म्हणजे गोफ अखंड दिसतो. उरलेला धागा मागच्या बाजूने सुलट टाक्यांच्या उभ्या रेघेत वर न्या. काठाच्या आडव्या रेषेत ओवलात तर तेवढ्या दोन इंचांत बॉर्डर पुन्हा ताणायची बंद होईल.